कॅड मॉडेल व्हीआरमध्ये नेण्याआधी

गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यात पंपाची असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेलं मॉडेल, व्हीआरच्या (आभासी वास्तवाच्या) हेडसेटमध्ये पहिल्यांदा उघडली, तेव्हा पंप डोंगराएवढा दिसला. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर यंत्रांचं आरेखन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, माप सहसा मिलिमीटरमध्ये असतं; युनिटीत, म्हणजे व्हीआरचं दृश्य बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक एकक म्हणजे एक मीटर. आकडे तसेच गेले तर वस्तू 1000 पट मोठी होते, म्हणून 0.001 चं स्केल आधीच द्या. मॉडेल आडवं पडलं तर घाबरू नका: बहुतेक कॅडमध्ये वरची दिशा झेड असते, युनिटीत वाय.

खरी मेहनत मात्र त्रिकोणांची. कॅड मॉडेल ज्यात साठवतात त्या स्टेप फाइलमध्ये गणिती पृष्ठभाग असतात. व्हीआरला त्रिकोणांची जाळी लागते. फ्रीकॅड या मोफत कॅड सॉफ्टवेअरमध्ये मेश, म्हणजे ही जाळी, बनवताना 'सरफेस डेव्हिएशन' (जाळी मूळ पृष्ठभागापासून किती हटू द्यायची ते अंतर) वाढवलं की त्रिकोण कमी होतात. त्याहीआधी आतले, न दिसणारे भाग काढा. बोल्टचे आटे तर हमखास काढाच, एकेका आट्याला हजारो त्रिकोण लागतात आणि ते कुणी बघत नाही! 72 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 72 चित्रं दाखवणाऱ्या, हेडसेटला प्रत्येक फ्रेमसाठी (चित्रासाठी) जेमतेम 14 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही तर बघणाऱ्याला गरगरतं.

मूळ स्टेप फाइल वेगळी जपून ठेवा. जाळीवरून नेमकं माप परत मिळत नाही.