अल्कलीप्रेमी जीवाणूंचं वर्गीकरण : प्रोजेक्टला हात घालण्याआधी

लोणारच्या पाण्यातले जीवाणू हा विषय एमएस्सीच्या प्रोजेक्टला घेतला की बहुतेकांची पहिली गल्लत एकच असते. 'अल्कलीप्रेमी' म्हणजे अल्कधर्मी, चढ्या पीएचच्या पाण्यात सर्वाधिक वाढणारा. हे जीवाणूचं घराणं नव्हे, ती त्याची सवय आहे. बॅसिलसच्या गोतावळ्यात ती आहे, हॅलोमोनासमध्ये आहे, स्पिरुलिना म्हणून विकल्या जाणाऱ्या सायनोबॅक्टेरियात आहे, आणि जीवाणूच नसलेल्या काही आर्कियातही आहे. सवय पीएचवर मोजायची आणि घराणं डीएनएवरून ठरवायचं. एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

लोणारचं विवर बेसॉल्टमधलं, पाण्याचा पीएच साधारण 9.5 ते 10.5. परिसर अभयारण्य आहे, म्हणून वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा. पीएच काठावरच मोजा. मीटर 7 आणि 10 अशा दोन्ही बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणांवर) लावून घ्या. फक्त 4 आणि 7 वर लावलेला मीटर इथे फसवतो.

मीडियमसाठी (जीवाणू वाढवायच्या खाद्यासाठी) जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होरिकोशींची कृती अजूनही सगळ्यात भरवशाची. एका लिटरला ग्लुकोज 10 ग्रॅम, पेप्टोन 5, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 5, डायपोटॅशियम फॉस्फेट 1, मॅग्नेशियम सल्फेट 0.2, अगार 20 आणि सोडियम कार्बोनेट 10 ग्रॅम. यातलं कार्बोनेट बाकीच्यांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नका. एकत्र तापवलं तर ग्लुकोज तपकिरी पडतं, मॅग्नेशियमचा पांढरा साका बसतो आणि अगार इतका ढिला होतो की लूप (जीवाणू पसरवायची तार) टेकवताच प्लेट फाटते. कार्बोनेट 100 मिली पाण्यात आणि बाकी सगळं 900 मिलीत असं वेगवेगळं ऑटोक्लेव्ह करा. दोन्ही 60 अंशांच्या आसपास आले की मिसळून लगेच प्लेटा ओता. पीएच 10 च्या थोडा वर मिळतो.

आता सवय मोजायची. पीएच 9 च्या वर ज्याची वाढ सर्वाधिक, तो अल्कलीप्रेमी. तो 7 ला वाढतच नसेल तर सक्तीचा, 7 लाही वाढत असेल तर वैकल्पिक. 7 ला जोमात आणि 10 ला नुसता तग धरणारा तो अल्कलीसहिष्णू. म्हणजे पीएच 10 च्या प्लेटवर कॉलनी आली एवढ्यावर 'अल्कलीप्रेमी' लिहिता येत नाही. 6 ते 11 पर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंतराने नळ्या लावा आणि प्रत्येक पीएचला जीवाणूंचं बी न टाकलेली एक नळी ठेवा, कारण वरच्या पीएचला साका बसून येणारा गढूळपणा वाढ म्हणून मोजला जातो. 48 तासांनी पीएच पुन्हा तपासा. ग्लुकोजपासून आम्ल तयार होतं, हवेतला कार्बन डायऑक्साइडही विरघळतो. 9 म्हणून लावलेली नळी 8 वर आलेली असू शकते.

सोडियम तर विसरूच नका. बाहेर पीएच 10.5 असला तरी हे जीवाणू पेशीच्या आत तो दोनेक अंकांनी कमी राखतात, आणि ते जमतं सोडियम बाहेर ढकलून प्रोटॉन आत घेणाऱ्या प्रथिनांमुळे. पोटॅशियम कार्बोनेटने पीएच चढवला तर खरा अल्कलीप्रेमीही वाढायला नकार देतो. म्हणून सगळ्या नळ्यांत सोडियम सारखं ठेवा.

जैवरासायनिक चाचण्यांत तयार किटवर विसंबू नका. त्या रंगबदलावर चालतात, आणि फिनॉल रेड हा सूचक 8.2 च्या वर आधीच गुलाबी असतो, सिट्रेट चाचणीची तिरकी अगार-नळी (स्लँट) बी टाकण्याआधीच निळी. साखरेपासून आम्ल झालं का, ते मीटरनेच बघा. स्टार्चच्या प्लेटवर थेट आयोडीन ओतलं की रंग क्षणात उडतो आणि अख्खी प्लेट स्वच्छ दिसते, मग सगळेच जीवाणू 'अमायलेज पॉझिटिव्ह' (स्टार्च फोडणारे) ठरतात. अल्कलीत आयोडीन टिकतच नाही. आधी सौम्य आम्ल ओतून प्लेट उदासीन करा, मग आयोडीन. निळ्या पार्श्वभूमीवर कॉलनीभोवतीचं कडं तेव्हाच खरं.

घराण्यासाठी 16एस आरआरएनए जनुक (नातं ठरवायला वापरतात ते, सगळ्या जीवाणूंत असणारं) जवळजवळ पूर्ण वाचून घ्या, 1400 बेसच्या वर. जवळच्या टाइप स्ट्रेनशी (जातीचा अधिकृत नमुना मानलेल्या वाणाशी) साम्य 98.7 टक्क्यांच्या खाली असेल तर जाती नवी असण्याची शक्यता आहे. वर असेल तरी शक्यता संपत नाही. तेव्हा पूर्ण जीनोम लागतो, आणि नवी जाती म्हणायला एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य) 95-96 टक्क्यांच्या खाली असावा लागतो.

नावांचा गुंता मात्र डोकं फिरवतो. 1934 साली वर्णन झालेला बॅसिलस अल्कॅलोफिलस आता अल्कलीहॅलोबॅसिलस आहे. पुढे या प्रजातीचीही (जीनसचीही) फोड झाली, तीही पुण्यातून : लोणारमधून मिळालेल्या अल्कलीहॅलोबॅक्टेरियम इलाँगेटमचं वर्णन करणाऱ्या 2021 च्या शोधनिबंधात सात नव्या प्रजाती मांडल्या गेल्या. जुलाबावर प्लास्टिकच्या छोट्या कुपीतून देतात तो बॅसिलस क्लॉसी त्यामुळे शौचेला क्लॉसी झाला. लोणारच्याच सेसेंबिया लोणारेन्सिसमध्ये तर हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची आद्याक्षरं दडली आहेत.

म्हणून जुना निबंध वाचताना नावाशेजारचा स्ट्रेन क्रमांक आधी वहीत उतरवा. बॅसिलस हॅलोड्युरन्स आता हॅलअल्कलीबॅक्टेरियम आहे, पण त्याचा सी-125 हा स्ट्रेन नाव बदलण्याआधीही सी-125 होता आणि नंतरही तोच आहे.