काळ्या मातीत बगी पळवायची तर सर्वोची तयारी अशी करा

पऱ्हाटी उपटून झाली, वखर फिरला, की आमच्या इकडे धुऱ्याच्या कडेची एखादी पट्टी पोरं रेडिओ रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बगी गाड्यांच्या रेससाठी मागून घेतात, मग टँकरनं पाणी मारायचे, पायानं तुडवून माती बसवायची, जुने टायर मांडायचे, झाला ट्रॅक. गाडी पळवायला मजा येते पण सर्वोसाठी, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या डबीसाठी, आपली काळी माती लय कठीण जागा आहे भाऊ. वाळली की भेगा पडतात, भेगेच्या कडा दगडासारख्या होतात, आणि गाडी उडी मारून खाली येते तेव्हा पुढचे चाक नेमके त्या कडेवर आपटते. तो धक्का चाकातून स्टिअरिंगच्या दांडीत, दांडीतून हॉर्नमध्ये (सर्वोवर बसवलेल्या छोट्या हातात) आणि तिथून सरळ सर्वोच्या पोटातल्या बारीक दातांवर जातो. वरून फफुटा, वरून मे महिन्याचे पंचेचाळीसचे ऊन. म्हणून रेसला पंधरा दिवस राहिले असतानाच ही तयारी सुरू करा, आदल्या रात्री नाही, काहून की कुरिअर तालुक्याला येऊन तिथून आपल्या हाती पडेपर्यंत आठवडा असाच जाते.

पहिले काम, नवा सर्वो मागवू नका. आधी जुन्या सर्वोपासून दांडी सोडा आणि चाके हातानं डावी-उजवी फिरवून पाहा. एका बोटानं फिरली पाहिजेत, कुठे अडली नाही पाहिजेत. हे मी एवढे जोर देऊन सांगतो कारण मी स्वतः एका हंगामात दोन सर्वो जाळले आणि दोन्ही वेळा सर्वोलाच शिव्या दिल्या, तिसरा लावायच्या आधी पुतण्यानं सहज चाक फिरवून पाहिले तर बेलक्रँकच्या (दांडीचे वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या मधल्या हाताच्या) बुशात माती घट्ट बसलेली होती. सर्वो बिचारा दर वळणावर ती माती ढकलत होता. बुश काढून धुतले, एक बेअरिंग बदलले, आणि मग लावलेला सर्वो दोन उन्हाळे चालला. दांडीच्या टोकाचा गोळ्याचा सांधा, बॉल एंड, तो पण पाहा, आवळून बसलेला असेल तर सैल करा, उडीत सस्पेन्शन पूर्ण दबते तेव्हा दांडी कुठे घासते का ते गाडी हातात धरून दाबून पाहा.

आता निवड. सर्वोच्या खोक्यावर दोन आकडे असतात, ताकद किलो-सेंटीमीटरमध्ये आणि वेग ६० अंश फिरायला लागणाऱ्या सेकंदात. २० किलो-सेंटीमीटर म्हणजे मध्यापासून एक सेंटीमीटरवर २० किलोचा जोर, दोन सेंटीमीटरवर तोच जोर १० किलो होते, म्हणून लांब हॉर्न लावला की चाक जास्त आणि लवकर फिरते पण जोर कमी पडतो. बाहेरच्या काही कंपन्या औंस-इंचात लिहितात, त्याला १३.९ नं भागा की किलो-सेंटीमीटर निघते. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, वेग मोजतात तो काहीच भार नसताना आणि ताकद मोजतात ती सर्वो अडून थांबला असताना, म्हणजे हे दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. आकड्याच्या बाजूला व्होल्टेज लिहिलेले असते ते पण वाचा. ७.४ व्होल्टवर ०.०८ सेकंद असलेला सर्वो ६ व्होल्टवर तेवढा वेगवान राहत नाही, आणि आपल्या गाडीत ६ च येत असतील तर ७.४ चा आकडा आपल्या कामाचा नाही.

माझ्या अनुभवानं १/१० ची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची), दोनच चाकांना ओढ असलेली बगी हलकी असते, तिला ८ ते १० किलो-सेंटीमीटर ताकद भरपूर होते, तिथे वेग पाहा, ०.०८ च्या आसपास. १/१० ची चारही चाकांना ओढ असलेली बगी आणि शॉर्ट कोर्स (ट्रकच्या आकाराची रेस गाडी), १२ ते १५. १/८ ची बगी वजनानं साडेतीन किलोच्या आसपास जाते, टायर जड, तिला २० च्या खाली जाऊ नका, ट्रगीला (बगीहून मोठ्या चाकांच्या गाडीला) २५ असले तर बरे, आणि वेग ०.१० किंवा त्याहून कमी. वेगानं खरंच फरक पडतो का असे पोरं विचारतात, तर हिशेब करून पाहा. गाडी ताशी ५० किलोमीटरनं आली तर सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. सरळवरून पूर्ण वळायला हॉर्न साधारण ३० अंश फिरते धरा. ०.१० वाल्याला ०.०५ सेकंद लागले, ०.२० वाल्याला ०.१०. तेवढ्या फरकात गाडी ७० सेंटीमीटर पुढे निघून गेली, म्हणजे दीड हात. उडीवरून उतरताना तोंड वाकडे झाले आणि सावरायचे असेल तर दीड हातात गाडी टायरच्या भिंतीत असते. पण ०.०८ आणि ०.०६ मध्ये निवडायचे असेल आणि ०.०६ वाल्याचे गियर कच्चे असतील तर मी ०.०८ घेईन, आपल्या मातीत गाडी शेवटच्या फेरीपर्यंत राहणे जास्त गरजेचे आहे.

टिकाऊपणा म्हणजे मुख्य गियर. नायलॉनचे दात ऑफ-रोडमध्ये नकोच. पितळ मऊ असते, दात हळूहळू झिजतात आणि मध्यात ढिलाई येते, गाडी सरळ रस्त्यावरही डोलते. पोलादाचे घ्या, टायटॅनियमचे परवडले तर तेही चांगले. आतली मोटर साधी, कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) की ब्रशलेस ते पाहा, ब्रशलेसमध्ये घासून झिजणारे ब्रश नसतात म्हणून जास्त दिवस टिकते, महाग पडते पण १/८ साठी मी तीच घेतो. कोअरलेस हलकी फिरते, झटकन सुरू होते, १/१० ला छान. सर्वोच्या डब्याचा मधला भाग तरी ॲल्युमिनियमचा पाहिजे, उष्णता बाहेर जायला तोच रस्ता आहे, पूर्ण प्लास्टिकच्या डब्यात आपल्या उन्हात मोटर आतल्या आत शिजते. वॉटरप्रूफ लिहिले असेल तर तो घ्या, चिखलात पळवायची नसली तरी. पाण्यासाठी लावलेली रबराची रिंग फफुटा पण थांबवते. आणि ऑर्डर करण्याआधी त्या सर्वोचा गियर सेट वेगळा मिळतो का ते बघून घ्या, मिळत नसेल तर एक दात तुटला की पूर्ण सर्वो फेकावा लागतो. मी एकदा स्वस्तात ३५ किलो लिहिलेला घेतला होता, पहिल्याच हीटमध्ये (रेसच्या एका डावात) दात गेले आणि सेट कुठेच मिळाला नाही, पैसे पूर्ण वाया गेले, वाईट वाटले मनाला.

स्प्लाइन म्हणजे हॉर्न बसतो त्या सर्वोच्या वरच्या दांड्यावरचे दात मोजून घ्या. फुताबा आणि सॅव्हॉक्स या कंपन्यांचे २५, सान्वा आणि केओचे २३, हायटेकमध्ये २४ पण येतात. हॉर्न त्याच दातांचा पाहिजे, जवळपासचा ठोकून बसवला की दोन्ही गेले.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात ती वीज. सर्वोला वीज ईएससीमधल्या (गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधल्या) बीईसीतून, म्हणजे रिसीव्हर-सर्वोला ठरावीक व्होल्ट देणाऱ्या भागातून येते. तगडा डिजिटल सर्वो अडला की क्षणभर ३ ते ५ अँपियर किंवा त्याहून जास्त ओढतो, आणि बीईसी ३ अँपियरचा असला तर व्होल्टेज कोसळते, रिमोटचा इशारा घेणारा रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढा वेळ गाडी कोणाचीच नसते. लोक म्हणतात रेडिओची रेंज गेली. रेंज नसते गेलेली. ईएससीचा कागद काढून बीईसी किती अँपियरचा आणि किती व्होल्टचा आहे ते पाहा, ६ आणि ७.४ बदलता येत असेल तर सर्वो जेवढे सोसतो तेवढेच ठेवा. २एस लायपो (दोन सेलची बॅटरी) पूर्ण चार्ज झाली की ८.४ व्होल्ट देते, ती रिसीव्हरला सरळ जोडायची असेल तर सर्वो ८.४ पर्यंतचा लिहिलेलाच पाहिजे. बीईसी कमी पडत असेल तर बाहेरून वेगळा लावा. तात्पुरते म्हणून रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमध्ये ४७०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावता येते, तालुक्याच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मिळते, फक्त उलटा लावू नका, प्लस-मायनस उलटे झाले तर फुटते. आणि जुना ॲनालॉग सर्वो असेल तर रेडिओतला जलद रिस्पॉन्स मोड बंद ठेवा, त्यात तो जळतो.

नायट्रोवाल्यांसाठी (इंधनाच्या इंजिनाची गाडी असणाऱ्यांसाठी) थोडक्यात, थ्रॉटल-ब्रेकच्या सर्वोला फार वेग नको, ब्रेक दाबून धरायला ताकद पाहिजे, आणि फेलसेफ (सिग्नल तुटला तर सर्वो कुठे जावा ती सोय) ब्रेकवर सेट केल्याशिवाय इंजिन सुरूच करू नका, धुऱ्यावर लहान पोरं बसलेली असतात.

बसवताना आधी रेडिओ (हातातला रिमोट) चालू, मध्य सरकवायची ट्रिम शून्यावर, मग गाडी चालू, सर्वो आपोआप मध्यावर येईल, तेव्हाच हॉर्न दांडीशी काटकोनात बसवा, उरलेला केसभर फरक रेडिओतल्या सबट्रिम सेटिंगनं काढा. हॉर्नच्या स्क्रूला निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) फक्त धातूत धातू असेल तरच, प्लास्टिकला लागले तर ते तडकते. सर्वोचा डबा आणि चेसिस यांच्यात कागद जाईल एवढी फट ठेवा, नाहीतर उडीत चेसिस वाकते ती थेट डब्यावर. मग एंड पॉइंट, म्हणजे सर्वो एका बाजूला किती फिरावा त्याची रेडिओतली हद्द. चाक पूर्ण वळवून धरा, सर्वो गुणगुण करत असेल तर एंड पॉइंट एकेक अंकानं कमी करत आवाज थांबेपर्यंत आणा, दोन्ही बाजूंनी वेगवेगळे. बऱ्याच सर्वोंचा जीव याच एका आवाजात जातो. सर्वो सेव्हर (चाकाचा धक्का झेलणारी स्प्रिंगची जोडणी) असेल तर त्याची स्प्रिंग एवढी घट्ट की गाडी जमिनीवर ठेवून चाक वळते, आणि एवढी सैल की चाकाला हातानं जोरात झटका दिला तर सेव्हर दबतो, हॉर्न नाही.

रेसच्या आठ दिवस आधी शेतात दोन बॅटऱ्या पूर्ण पळवा. थांबली की लगेच सर्वोवर बोट ठेवा, ठेववत नसेल तर कुठेतरी अडते आहे, पुन्हा दांडी सोडून पाहा. चाकावर टेपची खूण करून डावीकडे वळवून सोडा, उजवीकडे वळवून सोडा, दोन्ही वेळा एकाच जागी आली पाहिजे.

रेसला न्यायच्या हत्यारांच्या डब्यात गियर सेट, थोडे ग्रीस, एम३ चे स्क्रू, १.५, २ आणि २.५ ची ॲलन की, जुना दातांचा ब्रश, आणि जुना चालू सर्वो हॉर्न मध्यावर बसवून तयार ठेवा म्हणजे दोन हीटच्या मधल्या वेळेत बदलता येते. माती ब्रशनंच झाडा, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सर्वोच्या दांड्यावर जवळून मारली तर फफुटा रिंगच्या आत जातो. दुपारी गाडी टपाखाली किंवा बंद मोटारीत ठेवू नका, निंबाखाली ठेवा, वर ओले पोतं दुरून सावलीसारखे बांधा, आणि तुमचा नंबर पुकारला की उचलायच्या आधी एकदा स्टँडवर चाके डावी-उजवी करून कान देऊन ऐका.