व्हिटबीत घर बघायला निघण्याआधी

गेल्या खेपेला घर घेताना हात पोळले ते दुसऱ्याच एका जुन्या बंदराच्या गावात. त्याचं नाव नको, चूक गावाची नव्हतीच. या खेपेला व्हिटबी. इंग्लंडात यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, एस्क नदीच्या मुखाशी. पूर्वेच्या कड्यावर पडकी ॲबी, म्हणजे जुना मठ, आणि तिकडे चढणाऱ्या 199 पायऱ्या. पायऱ्या मोजून झाल्या असतील, फिश अँड चिप्स खाऊन झाले असतील आणि एजंटच्या काचेपुढे उभं राहून नवराबायको एकमेकांकडे बघायला लागला असाल, तर आधी हे वाचा.

बजेट, बँकेचं पत्र, ओळखीचे पुरावे हे तुम्ही करालच. पुढे.

पुण्यातला फ्लॅट मात्र आठवा. ‘तो इंडियातला, त्याचा इथे काय संबंध’ असं म्हणू नका. स्टॅम्प ड्यूटी ठरवताना जगातलं कुठलंही घर धरतात. नावावर आधी कधी घर असेल, तर पहिलं घर घेणाऱ्याची सवलत गेली. आजही असेल आणि तुमच्या वाट्याची किंमत 40,000 पौंड किंवा त्याहून जास्त असेल, तर नव्या घराच्या पूर्ण किमतीवर 5 टक्के जादा. अडीच लाख पौंडांच्या घराला पहिलं घर घेणाऱ्याला शून्य आणि फ्लॅटवाल्याला 15,000, इतका फरक पडतो. फ्लॅट बायकोच्या नावावर असला तरी सुटका नाही. इथलं राहतं घर विकून दुसरं राहतं घर घेत असाल तर तो जादा भाग लागत नाही, पण तेही सॉलिसिटरला आधी विचारा.

आता कागद.

घर लिस्टेड, म्हणजे जतन करायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत, आहे का, हे घर बघायला जाण्याआधीच बघा. हिस्टॉरिक इंग्लंडची यादी फुकट आहे, घरबसल्या दिसते. व्हिटबीच्या पूर्वेकडच्या चर्च स्ट्रीटवर आणि तिथून फुटणाऱ्या बोळांत, ज्यांना तिथे ‘यार्ड’ म्हणतात, अशी घरं ओळीनं आहेत. कॅप्टन कुकचं एंडेव्हर जहाज 1764 साली याच गावात बांधलं, कोळसा वाहायला. त्या काळातली ही वस्ती. लिस्टेड म्हणजे फक्त दर्शनी भिंत, असं मला वाटायचं. साफ चूक. आतला जिना, दारं, चूल, मागची खिडकी, सगळं त्यात येतं. कौन्सिलच्या संमतीशिवाय त्यात फेरफार करणं गुन्हा आहे. आणि खरी मेख अशी: आधीच्या मालकानं गुपचूप केलेलं काम निस्तरायची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते. त्याला मुदत नाही. साध्या घरातल्या विनापरवाना बांधकामाला ठरावीक वर्षांनी कौन्सिलला हात लावता येत नाही, लिस्टेडला तसलं काही नाही.

गेल्या खेपेच्या लिस्टेड घरात मी काय केलं? मागच्या बाजूला तीन पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या खिडक्या होत्या. मी एक उघडून बघितली, मिटली, रबर दाबून बघितलं आणि बायकोला म्हटलं, ‘वा, वारा यायचा नाही.’ संमतीचा कागद मागितला नाही. घर घेतलं. दीड वर्षानं आम्ही छपरात उजेडाची खिडकी करायला अर्ज केला, अधिकारी बघायला आले, आणि परसात उभे राहून छपराऐवजी त्या तीन खिडक्यांकडेच बघत राहिले. तिन्ही काढल्या. लाकडी सॅश, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या, करून घेतल्या. पैसे आमचे, प्लास्टिक कुणा दुसऱ्याचं.

म्हणून: नवं किचन दिसलं, कागद मागा. दोन खोल्यांची एक केलेली दिसली, कागद मागा. छपरात खिडकी, नवा जिना, बुजवलेली चूल, कागद, कागद, कागद. एजंट ‘हे फार जुनं काम आहे हो’ म्हणेल. जुनं म्हणजे किती जुनं आणि संमती कुठाय, एवढंच विचारा. ‘इन्डेम्निटी पॉलिसी घेऊ’ (कागद नसल्याच्या जोखमीचा विमा) असं कुणी सुचवलं तर लगेच हुरळू नका. ती पैशाची भरपाई देईल, तीही अटींवर, पण नोटीस थांबवणार नाही. आणि ती घ्यायचा विचार असेल तर स्वतः कौन्सिलला फोन लावून बसू नका, बहुतेक पॉलिसी तिथेच बाद होते. सॉलिसिटरशी बोलून क्रम ठरवा.

घर बघायला फेब्रुवारीत जा. ऑगस्टमध्ये सगळंच गोड दिसतं. संध्याकाळी पाच वाजता यार्डात उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. मग दारांशेजारच्या किल्ल्यांच्या छोट्या डब्या मोजा, त्या आकडे फिरवून उघडायच्या. जितक्या डब्या, तितकी सुट्टीवाल्यांची घरं, म्हणजे तितके शेजारी नाहीत. गावकरी यावर वैतागलेले आहेत; जून 2022 च्या मतदानात, नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत म्हणून 100 पैकी 93 मतं पडली. (ते मतदान बंधनकारक नव्हतं.) तुम्हीही फक्त वीकएंडला येणार असाल तर एप्रिल 2025 पासून कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टी, दुप्पट, हे गणितात धरा.

टेप न्या. यार्डात गाडी जात नाही. सोफा माणसांनी उचलून न्यायचा आणि बोळाच्या तोंडाशी तो अडकतो. आमचा अडकला होता, तेव्हा बोळही मोजा आणि जिन्याचं वळणही.

भिंती. जुन्या भिंती चुन्याच्या, आजोळच्या वाड्यासारख्या. त्यांना श्वास लागतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. कुठेतरी ताजा रंग आणि त्याखाली फुगलेला पोपडा दिसला तर नखानं दाबून बघा, एजंटला आवडो न आवडो. सर्व्हे लेव्हल थ्रीचाच, म्हणजे सगळ्यात सखोल, जुन्या घरांची सवय असलेल्या माणसाकडून. तिथे चारशे-पाचशे पौंड वाचवू नका. आणि त्याला सांगा, कुठलं काम नंतरचं वाटतं ते वेगळं लिहून द्या. ती यादी हातात घेऊन एकेकाचा संमतीचा कागद मागा. मी हे विसरलो होतो, म्हणून परत सांगतोय.

कडा आणि पाणी. 2012 च्या पावसात पूर्वेकडे दरड घसरून एल्फ्लेडा टेरेसची घरं पाडावी लागली. 5 डिसेंबर 2013 ला समुद्र चढून आला आणि नदीकाठ पाण्याखाली गेला. तेव्हा विम्याचा आकडा सर्व्हेच्या पैशांआधी काढा. समुद्रानं कडा झिजून खचणं साध्या पॉलिसीत बहुधा नसतं. विमा एक्स्चेंजच्या, म्हणजे करार पक्का होण्याच्या, दिवसापासून सुरू हवा, चाव्या मिळतात त्या दिवसापासून नाही.

शेजारची रॉबिन हुड्स बे किंवा सँडसेंड ही गावं बघत असाल तर तिथली परवानगी नॅशनल पार्कवाले देतात. ऑफिस वेगळं, कागद तेच.

बाकी भराभर. रेल्वे मिडल्सब्रोपर्यंत, दीड तास, दिवसाला मोजक्या गाड्या; लंडनची नोकरी विसरा. मोठं हॉस्पिटलही तिकडेच किंवा स्कारबरोला. सीगलची वापरातली घरटी पाडता येत नाहीत, कायदा आहे. यार्डातल्या फरशीची दुरुस्ती कुणाकडे, शेजाऱ्याची खोली तुमच्या बोळावर येते का, विचारा. बॉयलर, वायरिंग, गटार, नेहमीचंच. शुक्रवारी ताबा घेऊ नका, काही अडलं तर सोमवारपर्यंत कुणी फोन उचलत नाही.

सही करायच्या आदल्या दिवशी फाइल उघडा. खिडक्यांचा कागद आहे का? नसेल तर सही उद्या नाही.