बायपोलर असलेल्या माणसाच्या झोपेची वेळ कशी सांभाळायची

माझा धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. त्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी खूप उसळतं, कधी खूप खचतं असा आजार; गोळ्या नियमित चालू आहेत. रात्रीचा एक वाजल्याशिवाय त्याचा डोळा लागत नाही. आमच्या वडिलांचं तसंच, आत्याचंही तसंच. म्हणून पहिलं काम हे करा: ‘आळशी’ म्हणून बोलणं बंद करा. लवकर झोपायचं की उशिरा, हा कल बराचसा वारशानं येतो, आणि बायपोलर असलेल्यांत उशिरा झोपणारे जास्त आढळतात.

जनुक-चाचणीवर मात्र पैसे घालवू नका. 2019 साली सुमारे 7 लाख लोकांच्या अभ्यासात या कलाशी जोडलेल्या जनुकीय 351 जागा सापडल्या, पण एकेका जागेचा वाटा चिमूटभर. लवकर उठण्याकडे झुकवणारी जनुकं सर्वांत जास्त असलेले 5 टक्के आणि सर्वांत कमी असलेले 5 टक्के, यांच्या झोपेच्या वेळेत फरक निघाला 25 मिनिटांचा.

त्यापेक्षा शाळेची एक वही घ्या. डोळा कधी लागला, जाग कधी आली, मन कसं होतं, एवढंच रोज लिहा, दोन-तीन आठवडे. सुट्टीच्या दिवशी गजर लावू नका. एकला झोपून नऊला उठला, तर झोपेचा मध्य पहाटे पाच. हा त्याचा खरा कल. मन स्थिर असतानाच्याच नोंदी यासाठी धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उशिरा झोपणाऱ्यालाही पुरेशी झोप हवीच असते, म्हणून सकाळी तो उठता उठत नाही. पण भाऊ एकदा म्हणाला, “अक्का, तीन तास झोपलो तरी एकदम ताजं वाटालंय.” हा कल नव्हे, ही मॅनियाची, म्हणजे मन अति उसळण्याच्या टप्प्याची चाहूल. झोप कमी आणि थकवाही नाही, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रात्री कुणी मिळालं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो.

वेळ बदलायची तर उठण्याची आधी बदला, दर काही दिवसांनी पंधरा मिनिटं. उठल्यावर गच्चीत उजेडात चहा. संध्याकाळी चहा नाही. प्रखर दिव्याचा उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, त्यानं मॅनिया उसळू शकतो. लिथियम हे बायपोलरवरचं औषध शरीराच्या घड्याळावरही काम करतं, तेव्हा गोळीची वेळ आपल्या मनानं हलवू नका.

रात्रपाळी टाळाच. डॉक्टरांची चिठ्ठी मागून घ्या. भावाला तशीच दिवसाची पाळी मिळाली.

आणि बेळगावची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते. जाऊ नको म्हणू नका. दहाला घरी यायचं हे आधीच ठरवा, आणायला कोण जाणार तेही ठरवा.