मुलाला सारखा न्यूमोनिया, कान फुटणे: ब्रुटनच्या आजाराची तपासणी आणि उपचार

ब्रुटनच्या आजारात मुलाचे शरीर स्वतःची प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) जवळपास बनवतच नाही. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे साधारण सहा महिन्यांत संपतात. त्यानंतर मुलगा वारंवार न्यूमोनियाने आजारी पडत असेल, कान फुटत असेल, तर डॉक्टरांना घसा नीट बघायला सांगा. टॉन्सिल जवळपास दिसतच नसतील तर हा मोठा पुरावा आहे. मामा किंवा मावसभाऊ लहानपणी जंतुसंसर्गाने गेला असेल तर तेही आवर्जून सांगा. दोष एक्स गुणसूत्रावरचा आहे, म्हणजे तो आईकडून मुलाकडे येऊ शकतो.

आधी आयजीजी, आयजीए, आयजीएम या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करा. निकाल वयानुसारच्या तक्त्याशी ताडा, मोठ्यांच्या आकड्यांशी नाही. मग फ्लो सायटोमेट्री, म्हणजे रक्तातल्या पेशींची प्रकारवार मोजणी: या आजारात सीडी१९ पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी) २ टक्क्यांहून कमी निघतात. हा नमुना फ्रीजमध्ये ठेवू नका, २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत (एनआयआयएच) अशा आजारांचे निदान होते. तपासणीचे रक्त इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांकडून मिळवलेली प्रतिपिंडे, हाच या आजारावरचा उपचार) देण्याआधीच घ्या. नंतर दात्यांची प्रतिपिंडेच मोजली जातात.

इम्युनोग्लोब्युलिनचा डोस किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम, दर ३-४ आठवड्यांनी शिरेतून. १२ किलोच्या मुलाला सुमारे ५ ते ७ ग्रॅम. वजन वाढूनही डोस तोच राहिला की संसर्ग परततात, म्हणून दर वेळी वजन करा. पुढच्या डोसच्या आधीची आयजीजी ७००-८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर हवी. डोके दुखले, थंडी वाजली तर नर्सला लगेच सांगून वेग कमी करून घ्या.

पोलिओचे थेंब या मुलाला देऊ नका, घरातल्या भावंडांनाही नकोत. त्यांना इंजेक्शनची लस द्या.