परदेशी मिशनरी जोडपं रविवारी मंडळीत येणार असेल तर

मी निवृत्त शिक्षिका, राहायला बेळगावच्या टिळकवाडीत. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, परदेशी पाहुणे आले की त्यांच्या शेजारी बसून उपासना त्यांना हळू आवाजात इंग्रजीत सांगायची, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. खानापूर, निपाणीकडच्या मंडळ्यांतून अधूनमधून फोन येतो, "बाई, पुढच्या रविवारी एक मिशनरी नवरा-बायको येताहेत, काय काय करायचं?" दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून या खेपेला लिहून काढलं.

सगळे आधी जेवणाचं विचारतात. आधी व्हिसाचं विचारा. पाहुण्यांचं यायचं ठरलं की कोणत्या व्हिसावर येताय ते लगेच विचारून घ्या, पत्रिका छापायच्या आधी. मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार असतो. तो असेल तर कोणत्या संस्थेसाठी दिलाय ते कागद बघून घ्यावेत. आमच्याकडे आलेली बहुतेक जोडपी टूरिस्ट व्हिसावरची. त्या व्हिसावर उपासनेला येऊन बसायला काही आडकाठी नाही. धर्मोपदेश करायला, प्रार्थनास्थळात भाषण द्यायला, पत्रकं वाटायला मात्र परवानगी नाही. म्हणजे व्यासपीठावरून संदेश नाही, आणि "दोनच मिनिटं साक्ष (विश्वासाचा अनुभव) सांगा" हेही नाही. मंडळीतल्या वडिलांना, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, हे आधीच समजावून सांगा, कारण पाहुण्याला बोलायला उभं केलं नाही तर त्याचा मान राखला नाही असं आपल्याला वाटतं. ओळख पाळकसाहेबांनी (पास्टरनी) करून द्यावी, पाहुण्यांनी जागेवर उभं राहून हात जोडावेत, तेवढं पुरे. चौकात फ्लेक्स लावून त्यावर त्यांचा फोटो आणि खाली 'प्रमुख वक्ते', हे तर मुळीच नको. तरुण पोरं उत्साहात करून बसतात.

दुसरं, पाहुण्यांना पार्सनेजमध्ये (पाळकांच्या घरी) किंवा कुणाच्या घरी उतरवणार असाल तर परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची सरकारला माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो. त्याला पूर्वी फॉर्म सी म्हणायचे, २०२५ च्या नियमांपासून तो फॉर्म ३ झाला. ते आल्यापासून २४ तासांच्या आत, ऑनलाइन, पासपोर्ट आणि व्हिसाच्या तपशिलासकट. हॉटेलवाले स्वतः भरतात, घरी मात्र ती जबाबदारी यजमानाची. आणि तिसरं, दानार्पण. परदेशी नागरिकानं दिलेले पैसे रुपयांच्या नोटांत असले तरी परकीय देणगीच धरले जातात. एफसीआरए म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच ते घेता येतात, आणि तेही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातूनच. म्हणून शनिवारीच पाहुण्यांना सांगून ठेवा की थैली आली की नुसती पुढे द्यायची. आधी सांगितलं नाही तर बिचारे खिशात हात घालतात आणि आपल्याला सगळ्यांसमोर अडवावं लागतं.

हे सगळं ऐकून काही जण नाराज होतात. "मग येऊन करणार काय ते?" असं विचारतात. मला मनापासून वाटतं, येऊन बसतील, हेच मोठं आहे. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० साली सुरू झालं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडे आलं. त्या जुन्या मिशनऱ्यांपैकी बेनन यांचं नाव आपण बेननस्मिथ हायस्कूल म्हणताना रोज घेतो. दोनशे वर्षं परदेशी माणूस इथं शिकवायला आला. आता तोच आपल्या बाकावर बसून आपल्या भाषेतली उपासना ऐकायला येतोय. त्याला नीट ऐकू येईल, समजेल, एवढी तयारी आपली हवी.

प्रवासाचं थोडक्यात. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे, पण पाहुणे जुन्या पत्रांतलं बेळगाव शोधत असतात. दोन्ही नावं त्यांना लिहून पाठवा. विमानतळ सांबऱ्याला. गोव्यात उतरून चोर्ला घाटानं येणार असतील तर पावसाळ्यात दिवसाउजेडी निघायला सांगा. १ नोव्हेंबरला त्यांना शहरात फिरवायचा बेत ठेवू नका. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका असतात, मराठी माणसांची काळ्या दिनाची निषेध फेरीही असते, रस्ते बंद होतात. गणेश विसर्जनाच्या दिवसाचंही तसंच.

आता रविवार. आमच्याकडे पूर्वी पाहुण्यांना वर, वेदीच्या बाजूला खुर्च्या मांडून बसवायचे. शाल, श्रीफळ, झेंडूचे हार, प्रत्येक मंडळाचा वेगळा. एकदा सत्कारालाच अर्धा तास गेला. ते जोडपं सगळ्या मंडळीकडे तोंड करून गळ्यात पाच-पाच हार घालून बसलेलं, गीतपुस्तकही हातात नाही. जाताना त्या बाई मला म्हणाल्या, "मला खाली तुमच्या बायकांत बसायला आवडलं असतं." मला फार लागलं ते. पुढच्या बैठकीत मी विषय काढला, आणि तेव्हापासून पाहुणे खाली, तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसतात. पुढे बसवलं तर कधी उठायचं, कधी बसायचं ते त्यांना दिसत नाही. एक फूल द्या, तेही उपासना संपल्यावर.

तुमच्या मंडळीत पुरुष एका बाजूला आणि बायका एका बाजूला बसत असतील तर ते आदल्या दिवशी सांगा आणि दोघांसाठी दोन दुभाषे ठेवा. चपला बाहेर काढायच्या असतील तर तेही सांगा. प्रार्थनेला बायका डोक्यावर पदर घेतात हे बाईंना सांगून एक ओढणी जवळ ठेवायची. सक्ती नाही, पण आजवर एकीनंही नको म्हटलेलं नाही.

दुभाषानं शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेबांकडून शास्त्रपाठ आणि संदेशाचे मुद्दे घ्यावेत. इंग्रजी बायबलात ते उतारे खुणा घालून ठेवायचे. वचनांचं भाषांतर आपण करायचं नाही, पान उघडून बोट ठेवायचं. दोघांच्या मधोमध बसायचं, म्हणजे एकदाच बोलावं लागतं. कुजबुजू नका. कुजबुजलेलं चार बाकांपर्यंत सूसू ऐकू जातं आणि घसाही बसतो. खालच्या पट्टीत, सावकाश, साध्या आवाजात बोला. पाळकसाहेबांचं वाक्य पुरं होऊ द्या, मग तुमचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. घाई केलीत तर 'क्षमा केली' की 'क्षमा केली नाही' हे कळायच्या आधीच तुम्ही काहीतरी बोलून बसाल.

सगळं सांगायचं नाही. प्रार्थना चालू असताना मी फक्त एवढंच सांगते, "आता आजाऱ्यांसाठी", "आता पावसासाठी", आणि गप्प राहते. गाण्यांचा अर्थ आधी एका कागदावर लिहून देते, दोन-दोन ओळींत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं भजन असेल तर हे मुद्दाम सांगते की हे इंग्रजी गाण्याचं भाषांतर नाही, अभंग-ओवीच्या वळणाचं आपलं स्वतःचं आहे. पेटी आणि टाळ सुरू झाले की त्यांना ते आपोआप पटतं.

काही शब्दांपाशी अडायला होतं. एका रविवारी शहापूरच्या एक आजी प्रार्थनेत म्हणाल्या, "देवा, लेकराला पदरात घे." मला इंग्रजी शब्दच सापडेना. झोळीत घे नव्हे, मिठीत घे नव्हे. शेवटी मी माझ्या साडीचा पदर हातात धरला, शेजारी बसलेल्या नातीच्या अंगावर पांघरला आणि पाहुण्या बाईंकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. शब्द मिळाला नाही तर असं दाखवा, लाजू नका.

प्रभुभोजन असेल तर पाहुण्यांना कधी उठायचं ते खुणेनं सांगा. लहान मुलांचे फोटो काढायचे तर आईबापांना विचारून. आणि फोटो फेसबुकवर टाकताना 'अमुक यांनी संदेश दिला' असं खोटं लिहू नका. दिलेला नसतो, आणि उगाच त्यांनाच त्रास होतो.

उपासनेनंतर घरोघरी बोलावणी येतात. दोनच घरं घ्या, एक जेवणाचं, एक चहाचं. कोणती, ते बैठकीत आधी ठरवा, नाहीतर रुसवेफुगवे होतात. श्रीमंत घरच निवडायचं असं काही नाही. मी गेल्या वेळी एका विधवा बाईंचं घर सुचवलं, त्यांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी-भात आणि मटण केलं होतं, वाढताना हात थरथरत होते. तिखट कमी करायला सांगा. बेडगी मिरचीला रंग जास्त, तिखटपणा कमी, रस्सा त्याच मिरचीचा करावा. पाणी सीलबंद बाटलीतलं. आणि वाढणाऱ्या बाईंना एक गोष्ट बजावून सांगा, पाहुण्यांनी ताटावर हात आडवा धरला की खरंच पुरे झालेलं असतं, आग्रह नको.

दुपारी वेळ राहिला तर कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च दाखवा, १८६९ चं आहे. सांबऱ्याला सोडायला एकच गाडी न्यायची, पंधरा जण नको. बाईंच्या हातात कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, छोटा डबा द्या, अर्धा किलो फार होतो. आणि गाडीत बसायच्या आधी त्यांच्या गावच्या मंडळीचं नाव, पाळकांचं नाव कागदावर लिहून घ्या, उच्चारासकट, देवनागरीत. पुढच्या रविवारी प्रार्थनेत ते नाव घ्यायचं असतं, आणि बरोबर घ्यायचं असतं.