तीनपत्तीची सवय आणि पोकरचं पहिलं टेबल: या चुका टाळा

इंदूरच्या अनेक मराठी घरांत दिवाळीला तीनपत्तीचा डाव बसतो. पत्ते पिसणं, वाटणं, ब्लाइंड खेळणं आपण लहानपणीच शिकतो, म्हणून पोकर काय सहज जमेल असं वाटतं. रामबागेत एका मित्राच्या गच्चीवर दर शनिवारी आमचं पोकरचं टेबल लागतं. पैसे नाहीत, फक्त चिप्स. शेवटच्या नंबरवर राहील त्याने रविवारी सकाळी पोहे-जिलबी आणायची. या टेबलावर पहिल्यांदा बसणारा जवळजवळ प्रत्येक जण ठरावीक ठिकाणीच अडखळतो. मोबाइलवर शेकडो डाव खेळलेलेही त्यात आले. नियम त्यांना ठाऊक असतात, आड येते ती हाताची आणि तोंडाची जुनी सवय.

पण आधी जागेचं बघा. एखाद्या बारमध्ये पोकर नाइट आहे असं कळलं, तर पहिल्यांदा विचारा की पैसे लावायचे आहेत का. लावायचे असतील तर बसू नका. मध्य प्रदेशात 1867चा सार्वजनिक जुगार कायदा आहे. पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर न्यायालयांत एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने तर 2017मध्ये तो नशिबाचा ठरवला. पैसे लावून ऑनलाइन खेळणं 2025च्या केंद्रीय कायद्याने बंद केलं. गोव्यातले परवाना असलेले कॅसिनो हा वेगळा मामला आहे. तिथे वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं.

रन मोठी की कलर?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. रन म्हणजे ओळीने येणारी पानं, कलर म्हणजे सगळी एकाच चिन्हाची. आमच्या पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडी असतात, त्यांतून पाच पानांचा हात जुळवायचा. आमच्याकडे एक काका पहिल्यांदाच आले होते. त्यांच्या हातात इस्पिकची सत्ती आणि अठ्ठी. टेबलावर बदामची पंजी, किलवर छक्की, बदामची नव्वी, बदामचा राजा आणि इस्पिकची दुर्री. समोरच्याने बदामचा एक्का आणि दश्शी उघडी केली. काका म्हणाले, "माझी रन आहे!" आणि दोन्ही हातांनी पॉट, म्हणजे मधल्या सगळ्या चिप्स, ओढायला लागले. तीनपत्तीत त्यांचं बरोबर ठरलं असतं. पोकरमध्ये कलर रनच्या वर आहे.

हा नियम कुणी मनाला येईल तसा केलेला नाही. 52 पत्त्यांतून तीन पानं 22,100 प्रकारे येऊ शकतात. त्यांत साधी रन 720 वेळा आणि कलर 1,096 वेळा. रन दुर्मीळ, म्हणून ती मोठी. पाच पानांचे प्रकार होतात 25,98,960. त्यांत साध्या रन 10,200 आणि कलर फक्त 5,108. पानं वाढली की कलर जुळणं अवघड होतं, म्हणून क्रम उलटतो. आणखी एक: बहुतेक घरांत एक्का-दुर्री-तिर्री ही दुसऱ्या नंबरची रन धरतात. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी ही सगळ्यात लहान रन आहे. पहिले दोन-तीन दिवस हातांचा क्रम कागदावर लिहून जवळ ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

आधी बोला, मग चिप्स ठेवा

तीनपत्तीत "चाल" म्हणून पैसे मध्ये टाकले की काम झालं. इथे चिप्स ढिगात फेकायच्या नसतात, आपल्यासमोर ठेवायच्या, म्हणजे किती आल्या ते सगळ्यांना दिसतं. समजा ब्लाइंड (डावाआधी दोघांनी भरायची रक्कम) 5 आणि 10 आहे, तुमच्या मनात रेज, म्हणजे रक्कम वाढवणं आहे आणि तुम्ही न बोलता 100ची एकच चिप पुढे सरकवली. तो 10चा कॉल, म्हणजे लागलेल्या रकमेइतकंच भरणं, धरला जातो, उरलेले 90 परत मिळतात. तसंच "कॉल... आणि वर पन्नास" असं तुकड्यातुकड्याने चालत नाही, कॉलवरच थांबावं लागतं. समोरच्याचा चेहरा वाचून मग रक्कम वाढवता येऊ नये, म्हणून हा नियम आहे आणि तो रास्तच आहे. हात चिप्सकडे जायच्या आधी स्पष्ट म्हणा, "रेज, चाळीस."

ब्लाइंड या शब्दानेही नवा माणूस गोंधळतो. इथे पानं न बघता खेळण्याशी त्याचा संबंध नाही. बटन (डीलरची जागा दाखवणारी चकती) ज्याच्यासमोर आहे त्याच्या डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधीच भरायची ती रक्कम. तीनपत्तीतला बूट मात्र सगळे भरतात, तसं इथे नाही.

समोरच्याच्या शब्दावर पानं टाकू नका

ही माझी स्वतःची चूक, अजून सलते. माझ्याकडे राणी आणि दश्शी होती. टेबलावर गुलाम, नव्वी, चौकी, एक्का आणि शेवटी अठ्ठी. समोरचा म्हणाला, "दोन जोड्या, एक्का-गुलाम." मी वरून राजाची वाट बघत होतो, तो आला नाही म्हणून पानं उलटी सारली. खालून अठ्ठीने रन पुरी केली होती, ती मला दिसलीच नाही. सारलेली पानं मेली, पॉट गेला. समोरच्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी दोन्ही पानं उघडी करून ठेवतो. तोंडाने काय सांगितलं त्याला किंमत नसते, पान बोलतं.

पानं छातीशी धरून बघायची सवयही सोडा, शेजाऱ्याला दिसतात. टेबलावरच कोपरा किंचित उचलून बघा आणि वर एक चिप ठेवा. मोकळी पडलेली पानं डीलर टाकलेली समजून गोळा करतो.

वेग

मोबाइलवर तासाला साठच्या वर डाव होतात, प्रत्यक्ष टेबलावर पंचवीस-तीस. मग कंटाळा येतो आणि माणूस राजा-सत्तीसारख्या पानांवरही आत शिरतो. नऊ जणांच्या टेबलावर बहुतेक पानं टाकूनच द्यायची असतात. टाकल्यावर "अरे, माझ्याकडे एक्का होता!" असं डाव चालू असताना बोलू नका. जो अजून खेळतोय त्याचा हिशेब त्याने बिघडतो, आणि आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद यावरूनच झालेत. पाळी यायच्या आधी पानं टाकण्याचंही तेच: तुमच्या आधी ज्याची पाळी आहे त्याला तुमची माहिती फुकट मिळते. पाळी कुणाची हे कळत नसेल तर सरळ विचारा, "माझ्यावर आहे का?" डीलर बोट दाखवून सांगतो.